तीन सोडून कुठलाही

धाकटे, बस अशी दिव्याजवळ. फोन मांडीत राहू दे, हरकत नाही, आवाज तेवढा बंद कर. आधी मला माझ्या एका व्रताची गोष्ट सांगायची आहे.

हे गेले त्या वर्षी मी ते व्रत घेतलं. तसं सोपं होतं. रोज संध्याकाळी सातच्या ठोक्याला ह्यांच्या खुर्चीच्या उजव्या हाताला दिवा लावायचा. त्याच चटईवर, त्याच जागी बसायचं आणि एकशे आठ मण्यांची माळ ओढायची. एक मिनिट पुढं नाही की एक मणी मागं नाही. पाहुणे आले तरी तसंच, ताप आला तरी तसंच. तोंडानं मी म्हणायचे, देवा, ह्यांना शांत झोप लागू दे. मनात काय म्हणायचे ते आज पहिल्यांदा कबूल करते. मनात म्हणायचे, जाऊ नका.

देव भोळा. तो ऐकतो. पण त्याच्या दाराशी आणखी कोण कोण कान लावून उभं असतं, ते आपल्याला कुठं दिसतं?

ह्यांची खुर्ची म्हणजे सलूनमधली, तुला आठवत असेल. लाल रेक्झिनची, पाय दाबला की वर येणारी. दुकान विकलं तेव्हा आरसे गेले, कपाटं गेली, पण ही खुर्ची माझ्या लेकीनं, बारकीनं, हट्टानं घरी आणली आणि आपल्या खोलीत, संगणकापुढे ठेवली. त्यातच बसून ती काम करायची. बारकीचं काम मला कधी नीटसं कळलं नाही. संगीत करते म्हणायची, पण घरात वाद्य म्हणून एक नाही. मी विचारायचे, "अगं, तू वाजवतेस तरी काय?" तर म्हणायची, "आई, माउस."

एक दिवस दुपारी मी दिव्यासाठी तेल आणायला गेले होते. तीन वाजले असतील. सगळी गल्ली जेवून आडवी झालेली, कुत्रीसुद्धा सावली धरून पडलेली. मी जिना चढत होते आणि वरून आवाज आला.

चक्‌. चक्‌. चक्‌.

पायरीवरच थांबले. अगं, तीस वर्षं ऐकलेली कात्री. केस कापताना मध्येच ती हवेत नुसती वाजवायची ह्यांना सवय होती, एखादा चालता चालता चुटक्या वाजवतो ना, तशी. तीन वेळा वाजली, मग अर्धी ओळ गुणगुणणं, मग एक श्वास, आणि मग ह्यांचा आवाज, अगदी हळू, गिऱ्हाइकाला सांगतात तसा: "मान खाली…"

आणि पुन्हा. चक्‌. चक्‌. चक्‌.

तेलाची बाटली हातातून सुटली नाही, एवढंच माझं नशीब. खोलीत गेले तर बारकी खुर्चीत, डोळे भरलेले, आणि हसत होती. "आई, जुन्या फोनमध्ये सापडलं. दुकानात एकदा गंमत म्हणून मी रेकॉर्ड केलं होतं. चारच सेकंद आहेत. त्याचा लूप केलाय."

लूप म्हणजे काय, तर तुकड्याचं शेपूट त्याच्याच तोंडात द्यायचं. संपला की सुरू, संपला की सुरू. नाचाच्या एका मंडळीसाठी तिला पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर काम मिळालं होतं, आणि ती त्यात बाबांची कात्री तालासारखी वापरणार होती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. वाटलं, व्रत फळलं.

पुढं आठ-दहा दिवस ती कात्री घरभर वाजत होती. सकाळी सुरू व्हायची ती निजेपर्यंत. सात वाजता मी दिवा लावायला आत गेले की बारकी सगळं थांबवायची आणि मी पहिला मणी धरला की लूप अगदी पहिल्यापासून लावायची. म्हणायची, "तुझ्या जपाला बाबांची साथ." नको नको म्हणता जपही त्या तालावर पडायचा. एक फेरा, एक मणी.

पहिल्यांदा खटकलं ते तिचं उत्तर. जेवायला हाक मारली की ती म्हणायची, "आई, झालंच. दोनच मिनिटं," आणि डाव्या हातानं बट कानामागे सारायची. यात काही वावगं नाही गं, सगळीच मुलं दोन मिनिटं म्हणतात. पण चौथ्या दिवशी लक्षात आलं की तो 'झालंच' दर वेळी तेवढाच लांब आहे. 'दोनच'वरचा तो बारीकसा खोकला दर वेळी तिथंच. बट मागे जाते ती तेवढीच. मी मुद्दाम विचारलं, "बारके, बाहेर पाऊस आहे का गं?"

"आई, झालंच. दोनच मिनिटं." खोकला. बट.

"बारके, मी कोण आहे?"

"आई, झालंच…"

आणि तिची मान बघ, धाकटे. दिवसागणिक खाली. पहिल्या दिवशी पडद्याकडे बघणारी पोर आता हनुवटी छातीला टेकवून बसलेली. खोलीत दाढीच्या साबणाचा ओला वास. हे गेल्यापासून घरात तो साबण नव्हता. फरशी पुसायला वाकले तर खुर्चीभोवती बारीक काळे केस पडलेले. रोज केर काढायचे, रोज असायचे.

एकदा न राहवून मी प्लगच काढला. पडदा काळा झाला, पंख्यासारखा घुमणारा संगणक गप्प झाला. आणि त्या शांततेत, खुर्चीच्या मागून… चक्‌. चक्‌. चक्‌. बारकीची मान आणखी बोटभर खाली गेली. मी प्लग परत लावला. आवाज यंत्रातून येतोय, इतकी तरी समजूत राहावी म्हणून.

मी तिच्या स्टुडिओतल्या माणसाला बोलावलं. बारकी त्याला दाढी म्हणते, म्हणून मीही दाढीच म्हणते. खरं नाव विचारायचं राहूनच गेलं. आला तो दारातूनच बोलत. "काकू, चार दिवस ही फोन उचलत नाही. मला वाटलं लग्न करून पळाली. म्हटलं, निदान जेवण तरी द्यायचं होतं!" मग त्यानं खोलीत पाहिलं आणि हसू गिळलं.

भुताखेतांचं मी त्याला काही सांगितलं नाही. तो लूप ऐकत उभा राहिला आणि तोंड वाकडं केलं. "हे काय लावलंय? एक केससुद्धा हलत नाहीये. काकू, लूप जसाच्या तसा फिरला ना, की ऐकणारा मरतो. म्हणजे त्याचा कान मरतो. माणूस एकच गोष्ट दोनदा सारखी करत नाही. म्हणून आम्ही यात थोडी चूक कालवतो."

"मुद्दाम चूक?"

"मुद्दाम. पण मोकाट नाही. वासराला दावं लांब द्यायचं, सोडायचं नाही. आता ही कात्री. दहातल्या आठ वेळा वाजेल, दोन वेळा चुकेल, कुठल्या दोन ते मशीन फासे टाकून ठरवेल. गुणगुणणं कधी जरा लवकर, कधी जरा उशिरा. घुमारा कधी जवळ, कधी लांब. पण किती लांब त्याला कुंपण आपलं." त्यानं बारकीच्या खांद्यावरून हात घालून संगणकाशेजारच्या छोट्या पेटीवरची चार बटणं फिरवली.

चक्‌. चक्‌… आणि तिसरी आलीच नाही.

काय सांगू तुला! घरात एखादं फडताळ कुरकुरत असावं आणि एकदम थांबावं, तसं झालं. बारकीनं मान वर केली. डोळे चोळले. "दाढी? तू कधी आलास? आई, भूक लागलीय गं."

त्या दिवशी ती चार घास जास्त जेवली. साबणाचा वास गेला. दाढीनं जाताना माझ्या हातचं मागून दोनदा खाल्लं आणि म्हणाला, "काकू, या जेवणात मात्र चूक कालवू नका." दोन दिवस पोर बोलली, चालली, भांडलीसुद्धा. मी देवापुढं साखर ठेवली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी माळ ओढत होते. बाकीच्या चुका विसरले, पण एकतिसाव्या मण्याला तिसरी कात्री चुकली. सत्तेचाळिसाव्याला गुणगुणणं जरा उशिरा आलं. साठाव्याला श्वास लांबला, इतका खरा, की माझाच श्वास अडकला. मी मोजत नव्हते, बोटं मोजतात. इतक्या वर्षांची सवय.

चौथ्या दिवशी. एकतीस… चुकली. सत्तेचाळीस… उशीर. साठ… श्वास.

मी डोळे उघडले. फासे टाकतं म्हणे मशीन, आणि दान मात्र रोज तेच? बारकीकडे पाहिलं. मान पुन्हा खाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढीला फोन केला. माझं सगळं ऐकून तो म्हणाला, "काकू, तुम्ही हे मोजलंत? कमाल आहात. मशीनचा फासा खरा फासा नसतो हो. ते एक आकडा धरून सुरू करतं आणि पुढची सगळी दानं त्यातून काढतं. आकडा तोच ठेवला की दानंही तीच, त्याच क्रमानं. बारकीनं तो आकडा कुलूप घालून ठेवला असणार. एखादी चूक फार आवडली की आम्ही करतो तसं. परत यावी म्हणून."

साठावा मणी. तो श्वास. पोरीला बापाचा श्वास आवडला होता, धाकटे. तो पुन्हा यावा म्हणून तिनं चुकांनासुद्धा कुलूप घातलं. मी तिला काय बोलणार? मीही तेच केलं होतं, सातच्या ठोक्याला, त्याच चटईवर.

"आणि काकू," दाढी म्हणाला, "कुलूप काढायला मी संध्याकाळी येतो."

संध्याकाळपर्यंत कुठली थांबते मी. त्याच दिवशी दुपारी, त्याच तीनच्या सुमाराला, मी दारात उभी होते. बारकीनं लूप नुकताच पहिल्यापासून लावला होता. एक-दोन-तीन करत मी फेरे मोजत होते. एकतिसावा फेरा आला. यंत्रानं तिसरी कात्री गाळली.

आणि ती वाजली.

खुर्चीच्या मागून. चक्‌.

त्यानं चुका पाठ केल्या होत्या.

घाबरले? घाबरले ना. पण त्याच वेळी दुसरंही काहीतरी झालं. मला राग आला. आयुष्यात मी आवाज चढवला नाही, तुला माहीत आहे. सासूबाई म्हणायच्या, हिच्या तोंडात जीभ आहे की कापूस. पण माझ्या पोरीच्या मानेवर कोणी कात्री धरतो आणि ती माझ्या नवऱ्याच्या आवाजात? तडक कपाटाशी गेले. बारकीच्या लहानपणची सापशिडी खालच्या खणात होती. शिड्या फाटल्या होत्या, फासा शाबूत होता. तो घेतला आणि खुर्चीला खेटून उभी राहिले.

आवाज बंद करून काही होत नव्हतं, ते मी पाहिलंच होतं. शांतता त्याला हवीच होती; तीही एकसारखीच असते ना. मला त्याच्यापुढं असं काहीतरी ठेवायचं होतं जे त्याला पाठ करता येणार नाही. दाढीनं हात लावलेली ती चार बटणं मी ओळखत होते.

फासा टाकला. पाच. पहिलं बटण पाच बोटं उजवीकडे. गुणगुणणं लांब गेलं, विहिरीतून आल्यासारखं. फासा टाकला. दोन. दुसरं बटण दोन बोटं डावीकडे. कात्री अडखळली.

"मान खाली…" मागून आवाज आला. यंत्रातून नव्हे. माझ्या कानामागून, साबणाच्या ओल्या वासासकट.

"नाही," मी म्हटलं.

चक्‌. चक्‌. चक्‌. घाईघाईनं.

"मान… खाली…"

"अरे, गप्प बस!" मी फासा टाकत होते, फिरवत होते, सहा, एक, सहा, चार. "तीस वर्षं मी ह्यांच्याबरोबर संसार केलाय. हे कधी एक ओळ दोनदा सारखी गुणगुणले नाहीत. दर वेळी वाट चुकायचे, आणि चुकले की स्वतःशीच हसायचे. तुला हसता येतं का? तुझ्याजवळ चार सेकंदं आहेत रे, चोरलेली. माझ्याजवळ तीस वर्षं आहेत. तू कोण आहेस ते मला ऐकायचंही नाही. माझ्या देवाच्या दिव्यातून आलास, त्याच दिव्याची शपथ घालते, चल निघ!"

कात्री आता कुठंही वाजत होती. छताला. दारामागे. माझ्या पदराच्या टोकाशी. ते माझं पुढचं दान ओळखायला धडपडत होतं, अगं, आणि जमत नव्हतं त्याला. मलाच पुढचं माहीत नव्हतं, तर त्याला कुठून असणार?

पुन्हा सहा पडले. शेवटचं बटण मी पार कुंपणापर्यंत नेलं. तुकडा मधूनच चिरला. "मान…" एवढंच आलं. पुढचा शब्द आलाच नाही. त्या रिकाम्या जागेत मी माझा शब्द घातला. ओरडून.

"वर! मान वर कर, बारके!"

पोरीनं मान वर केली.

मागे काहीतरी लोखंडी फरशीवर पडल्यासारखा आवाज झाला. वळून पाहिलं तर फरशी स्वच्छ. वास गेलेला. आणि यंत्रातून तो तुकडा फिरत होता, फुटका, तुटका. अर्धी ओळ आली, घसरली, आणि तिच्यामागून एक श्वास, असा काही तुटका, की हसू आल्यासारखा. रेकॉर्डिंगमध्ये हसू नव्हतं. दाढी म्हणाला, काकू, तुकड्यांचा योगायोग असतो. असेल. मी त्या योगायोगाला हात जोडले.

बारकी माझ्या कुशीत रडली. मी तिच्या मानेवरून हात फिरवला आणि बोटं थांबली. मानेवरचे केस एका रेषेत कापलेले होते, वस्तरा फिरवल्यासारखे. रेष उजवीकडून डावीकडे उतरत गेलेली, उजव्या हातानं ओढल्यासारखी. धाकटे, हे डावखुरे होते.

दाढीनं ते कुलूप काढलं. नाचाचा कार्यक्रम झाला. आता बारकीच्या त्या तुकड्यात बाबांची कात्री आहे, पण दोन प्रयोगांत कधी सारखी वाजत नाही. ती स्वतः मंचाच्या कडेला बसून हातानं बटणं फिरवते. लोक टाळ्या वाजवतात. पोर अंगानं भरलीय. परवा मला म्हणाली, "आई, तू आमच्या स्टुडिओत ये, तुला नोकरी लावते." मी म्हटलं, "पगार माउसला दे."

व्रत मी सोडलं नाही. देवाला दिलेला शब्द का सोडायचा? पण दावं लांब केलं. दिवा रोज लागतो, माळ रोज होते, तेवढं कुंपण. कुठं आणि केव्हा, ते फासा सांगतो. सहा जागा ठरवल्या आहेत. एक म्हणजे खिडकी. दोन, उंबरा. तीन, ह्यांची खुर्ची. चार, जिना. पाच, ओटा. सहा, बारकीचं टेबल. तेव्हापासून घर हलकं आहे. ह्यांची आठवण येते, पण दर वेळी वेगळी. कधी भांडणाची, कधी फजितीची. माणूस असाच आठवावा.

आता तुला का सांगते आहे ते ऐक. तुझे हे जाऊन वर्ष झालं. त्यांचा तो फोनवरचा निरोप, "पोचलो की कळवतो," तू रोज निजताना ऐकतेस. त्याच उशीवर, त्याच कुशीवर. कितीदा, ते मी विचारत नाही. मघापासून मी तुला दोनदा चहा विचारला आणि दोन्ही वेळा तू म्हणालीस, "नको ताई, आत्ताच झाला." तेवढंच लांब.

नाही, पुसून टाकू नकोस. मी तसं कधी म्हणणार नाही. पण माझ्यासारखं व्रत घे. निरोप ऐक, पण आज ओट्याशी, उद्या जिन्यात, परवा नकोच. कधी अर्ध्यात थांबव आणि पुढचं तुझ्या मनानं बोल, त्यांच्याशी भांड. आपल्या माणसाला चार सेकंदांत कोंडायचं नाही, आणि दुसऱ्या कुणाला त्या चार सेकंदांत शिरू द्यायचं नाही.

फासा मी तुला दिला असता. पण गेले अकरा दिवस त्याच्यावर तीनच पडतंय. हलवून टाकला, पालथ्या हातानं टाकला, बारकीला टाकायला लावला. तीन. पडू दे. माझ्यावर त्याची सत्ता नाही. तीन पडलं की मी मुद्दाम दुसरीकडे दिवा लावते, आणि जागा आता फाशाला विचारत नाही. जिवंत माणसाला विचारते. जो घरात येईल त्याला. आज तू आली आहेस.

तेव्हा घे हे व्रत, माझ्यासोबत, आत्ताच. दिव्याची ज्योत बघ कशी ताठ आहे. आधी मान वर कर, धाकटे… वर. आणि हा दिवा कुठं न्यायचा, त्याचा मला एक आकडा सांग. एक ते सहा.

तीन सोडून कुठलाही.